आवाज दिसला पाहिजे!

रात्री साडेनऊनंतर आपल्या हॉस्टेलच्या कोणत्याही विंगमधून एक चक्कर मारा. एका तरी रूममधून आरडाओरडा हमखास ऐकू येतो. "मागं बघ, मागं!", "भावा, दगडाच्या आड हाय तो!", "अरे रिव्हाइव्ह दे की लवकर!" चौघं चार कॉटवर, प्रत्येकाच्या कानात हेडफोन, आणि आवाज मात्र पार मेसपर्यंत. बीजीएमआय असो की व्हॅलोरंट, गेम बदलतो, ओरडा तोच.

आता एक साधा प्रश्न. या चौघांपैकी एकाला ऐकूच येत नसेल तर?

हा प्रश्न मी विंगमध्ये आठ-दहा जणांना विचारून बघितला. बहुतेकांचं उत्तर एकच, "मग त्यानं कॅरम खेळावा की." कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. डोळे नसतील तर क्रिकेट नाही, कान नसतील तर बॅटल रॉयल नाही, इतकं सरळ गणित. (अंधांचं क्रिकेट घुंगरू असलेल्या चेंडूनं खेळलं जातं आणि त्याचा वर्ल्ड कपही होतो, ही गोष्ट वेगळी!) पण मित्रांनो, हे गणित मला पटत नाही. कर्णबधिर मुलाला ऑनलाइन गेमबाहेर निसर्गानं ठेवलेलं नाही, गेमच्या डिझाइननं ठेवलंय. आणि डिझाइन म्हटलं की विषय आपला, इंजिनिअरिंगवाल्यांचा.

जरा विचार करा. गेममध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज येतो तो कुठून येतो? कुठलाही बूट कुठल्याही जमिनीवर पडलेला नसतो. कॉम्प्युटरकडे असतात फक्त आकडे. शत्रू कुठं आहे त्याचे एक्स, वाय, झेड आणि तुम्ही कुठं आहात त्याचे एक्स, वाय, झेड. एकातून दुसरं वजा केलं की अंतर आणि दिशा मिळते. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला पोझिशन व्हेक्टर तो हाच. मग प्रोग्रॅम ठरवतो की अंतर जास्त तर आवाज बारीक, शत्रू डावीकडं तर डाव्या कानात मोठा. म्हणजे आवाज हे त्या आकड्यांचं एक भाषांतर झालं. त्याच आकड्यांचं दुसरं भाषांतरही होऊ शकतं. स्क्रीनच्या डाव्या कडेला एक बाण, जवळ असेल तर ठळक, लांब असेल तर पुसट. हेडफोन हा एक आउटपुट, स्क्रीन हा दुसरा. माहिती तीच. ती एकाच तारेतून सोडायची हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

हे कल्पनेतलं नाही, झालेलं आहे. फोर्टनाइटमध्ये 2018 सालीच आवाज 'दाखवण्याची' सोय आली. पावलं, गोळीबार, खजिन्याची पेटी, ज्या दिशेनं आवाज येईल त्या दिशेला स्क्रीनच्या मध्यभागाभोवती खूण उमटते. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, फेझ क्लॅन या नामांकित ई-स्पोर्ट्स संघानं इवोक या टोपणनावानं खेळणाऱ्या एका कर्णबधिर फोर्टनाइट खेळाडूला संघात घेतलं. वय वर्षं अवघी 13! आपल्याकडं घराघरात पोचलेल्या पबजी मोबाइलमध्येही मिनिमॅपवर पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा दिसायच्या. मोबाइलवर खेळणारे बरेच जण हेडफोनशिवाय खेळतात, म्हणून असेल कदाचित. पण फायदा कर्णबधिर पोरांना झाला. उलट 2020 मध्ये व्हॅलोरंट आला तेव्हा त्याच्या मिनिमॅपवर स्वतःच्या पावलांचा आवाज किती लांब जातो त्याचं वर्तुळ दिसायचं. शत्रूची पावलं मात्र कानानंच ओळखायची. म्हणजे आवाजाचा हिशोब गेमकडं होता, तो चित्रात मांडायची युक्तीही होती, फक्त अर्धीच वापरली!

खऱ्या मैदानावर तर हे काम याहून अवघड. तिथं पंचाची शिट्टी ही खरीखुरी हवेतली शिट्टी असते. तरीही लोकांनी वाट काढली. कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धा (आजचं नाव डेफलिंपिक्स) पॅरिसमध्ये 1924 साली सुरू झाल्या. तिथं धावण्याची शर्यत दिव्याच्या इशाऱ्यावर सुटते. फुटबॉलमध्ये मैदानातला मुख्य पंचसुद्धा झेंडा घेऊन फिरतो. आपल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅचला जो कल्लोळ असतो, त्यात शिट्टी कानावर पडली नाही म्हणून पुढं पळत सुटलेला खेळाडू आपण सगळ्यांनी बघितलाय. झेंडा त्यालाही उपयोगी पडला असता! आणि एक गंमत म्हणजे डेफलिंपिक्समध्ये खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं, म्हणजे सगळे एका पातळीवर. खेळ तोच ठेवला, नियम तेच ठेवले, बदलला तो फक्त इशारा.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीचं माहेरघर, त्यामुळं वीरेंद्र सिंग हे नाव इथं नवीन नसावं. हरियाणाचा हा पैलवान जन्मापासून कर्णबधिर. डेफलिंपिक्समध्ये 2005, 2013 आणि 2017 अशी तीन सुवर्णपदकं, 2021 ची पद्मश्री. आखाड्यात त्यानं ऐकू येणाऱ्या पैलवानांशीही कुस्त्या केल्या. काठावरून वस्ताद काय ओरडतो ते ऐकू येत नाही म्हणून त्याला "तू कॅरम खेळ" असं कोणी म्हणालं असतं तर?

आता थोडं घरचं सांगतो. माझा मावसभाऊ जन्मतः कर्णबधिर आहे. सध्या आयटीआय करतोय. सुट्टीत आम्ही भाऊ-भाऊ मिळून बीजीएमआय खेळतो आणि आमच्यात त्याचा हात कोणी धरत नाही. मिनिमॅपवर खूण उमटायच्या आत त्याची मान वळलेली असते. आम्ही गप्पा मारत खेळतो, तो बघत खेळतो. मागच्या वर्षी तो त्याच्या तीन दोस्तांबरोबर एका स्पर्धेत उतरला. आयोजकांचा नियम असा की चारही खेळाडू व्हॉइस चॅनलवर हवेत, माईक चालू हवा. कोणी बाहेरून मदत घेऊ नये, म्हणून. हेतू चांगलाच. पण प्रत्येक मॅचला विचारणा, "तुमचा चौथा प्लेअर बोलत का नाही?" दोस्तांनी सांगितलं, टाइप करून दाखवलं. पुढच्या मॅचला दुसरा माणूस, पुन्हा तोच प्रश्न. एकदा लॉबी बदलल्याचं फक्त तोंडी जाहीर झालं आणि याला सगळ्यात शेवटी कळलं. तिसऱ्या मॅचनंतर त्यानं आपणहून आपली जागा राखीव खेळाडूला दिली. मला मेसेज केला तो एवढाच, "त्यांना माझ्यामुळं त्रास नको."

हे वाक्य मला अजून खुपतं. गेमनं त्याला बाहेर काढलं नव्हतं, गेममध्ये तो टिकत होता. बाहेर काढलं ते आजूबाजूच्या बोलण्यानं.

म्हणून दुसरा मुद्दा, व्हॉइस चॅट. बोलल्याशिवाय टीम चालत नाही, हा मोठा गैरसमज. आपल्या सीनियर्सना विचारा. 2003 च्या काउंटर-स्ट्राइक 1.6 मध्ये हॉस्टेलच्या लॅनवर झेड, एक्स, सी ही बटणं दाबून रेडिओ कमांड द्यायची सोय होती. 'एनिमी स्पॉटेड', 'नीड बॅकअप' हे ऐकूही यायचं आणि स्क्रीनवर अक्षरांतही उमटायचं. पुढं फेब्रुवारी 2019 मध्ये एपेक्स लेजंड्स आला आणि त्यानं 'पिंग' ही कल्पना कुठल्या कुठं नेली. एक बटण दाबलं की शत्रू कुठं दिसला, बंदूक कुठं पडलीय, कुठं जायचं, हे सगळं टीममधल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर खुणेनं दिसतं. अनोळखी माणसांबरोबर एक शब्द न बोलता खेळता येतं. 2021 मध्ये कंपनीनं या पिंगचं पेटंट सुलभतेसाठी सगळ्यांना खुलं केलं. म्हणजे बाकीच्यांना सबब राहिली नाही.

अमेरिकेत 2010 च्या एका कायद्यामुळं गेममधलं चॅट अपंग व्यक्तींना वापरता येईल असं करणं भाग पडलं. गेम कंपन्यांना मिळालेली सवलत 2018 च्या अखेरीस संपली. तेव्हापासून बोललेलं अक्षरांत दाखवणं आणि टाइप केलेलं वाचून दाखवणं या सोयी वाढल्या. चांगली गोष्ट आहे, पण माझ्या मते पिंगची सर तिला नाही. एक तर बोलणं अक्षरांत यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस मरतो (गेममधला!). दुसरं, "आरं त्यो बग टाकीमागं, हेडशॉट दे" या आपल्या भाषेचं ते सॉफ्टवेअर काय करेल, देव जाणे. तिसरं, अनेक कर्णबधिर मुलांची पहिली भाषा खुणांची असते. भराभर येणारं इंग्रजी वाचणं त्यांना सोपं जात नाही. खूण मात्र सगळ्यांना कळते.

आपल्या देशात काय? 2011 च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची संख्या 50 लाखांच्या वर होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 30 खेळांबद्दल आहे. सर्व खेळांमध्ये एकापेक्षा अधिक इंद्रियांना कळतील अशा सोयी द्याव्यात, अशी जबाबदारी ते सरकारवर आणि क्रीडा संस्थांवर टाकतं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशांच्या गेम्सवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. आता ही बेरीज तुम्हीच करा. ई-स्पोर्ट हा खेळ असेल, तर कलम 30 त्यालाही लागू व्हायला हवं. मानाची खुर्ची पाहिजे आणि जबाबदारी नको, असं कसं चालेल?

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "आवाज स्क्रीनवर दाखवला तर ती चीटिंगच झाली." साधं उत्तर आहे, सोय सगळ्यांना खुली ठेवा. ज्याला पाहिजे तो वापरेल. सगळ्यांच्या हातात असलेली गोष्ट चीटिंग कशी? चोरून बाहेरचं सॉफ्टवेअर लावणं ही चीटिंग, आणि तिथंच खरी मेख आहे. एखाद्या कर्णबधिर मुलानं स्वतःच्या डोक्यानं आवाज पकडणारं सॉफ्टवेअर जोडलं, तर अँटी-चीटकडून त्याचं अकाउंट बॅन होण्याची भीती. म्हणून ही सोय गेमच्या आतच हवी.

दुसरा आक्षेप, "एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप?" मित्रांनो, रेक्टर सरांचा राउंड सुरू झाल्यावर मोबाइल म्यूट करून खेळणारे आपण किती जण आहोत? (सर, हे फक्त उदाहरण आहे!) एका कानाचा इअरफोन बंद पडलेले किती? घरी लहान बाळ झोपलंय म्हणून आवाज बंद ठेवणारे किती? त्या वेळी आपल्यालाही ऐकू येत नसतंच. आपल्याला ते तासभर, त्याला कायमचं, एवढाच फरक.

कंपन्या जेव्हा करतील तेव्हा करतील. आपल्या हातात काय आहे ते बघू. आपल्या टेकफेस्टमध्ये गेमिंगची स्पर्धा असते. तिच्या नियमांत चार ओळी घालायला एक पैसा लागत नाही. व्हॉइस चॅनल सक्तीचं नको. रूम आयडी, लॉबीतला बदल, वेळ, सगळ्या सूचना लेखी ग्रुपवर आणि प्रोजेक्टरवरही. मॅच सुरू होताना "थ्री, टू, वन" नुसतं ओरडायचं नाही, हाताची बोटं वर करून दाखवायची. आणि एंट्री फॉर्मवर एक रिकामी ओळ, 'तुम्हाला काही वेगळी सोय हवी आहे का?' म्हणजे कोणा पोराला प्रत्येक मॅचला नव्यानं सगळं समजावत बसावं लागणार नाही.

आणि फायनल इयरवाल्यांना एक विनंती. दरवर्षी तीच अटेंडन्स सिस्टिम आणि तीच ऑटोमॅटिक पाण्याची मोटर किती दिवस करणार? गोडोसारखं मोफत गेम इंजिन घ्या, एक छोटा मल्टिप्लेअर गेम बनवा, आणि त्यात प्रत्येक आवाजाला एक खूण द्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ईएसपी32 आणि चार व्हायब्रेशन मोटर लावून पट्टा करावा. शत्रू ज्या बाजूला, त्या बाजूची मोटर थरथरेल. मग शहरातल्या कर्णबधिर मुलांना बोलवा आणि चूक काय, बरोबर काय, ते त्यांनाच ठरवू द्या. कान असलेल्यांनी कान नसलेल्यांसाठी परस्पर ठरवलेल्या सोयी बहुतेक वेळा शोपीस होतात.

माझ्या मावसभावाला दया नको आहे. तो समोर आला तर तुम्हालाही ती दाखवायला फुरसत मिळणार नाही, तुम्ही थेट लॉबीत परत! त्याला हवीय ती फक्त तीच माहिती, त्याच वेळी, जी तुमच्या हेडफोनमध्ये येते. ती देणं अवघड नाही. यंदाच्या टेकफेस्टच्या कमिटीत जे कोणी असतील, त्यांनी नियमावली छापायला टाकण्याआधी मला एकदा भेटा. त्या चार ओळी लिहून तयार आहेत.