पान, दुवा आणि वाचनाचा आभास

तालमूदचे पान हेच जगातील पहिले ‘हायपरटेक्स्ट’ होय, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्यामागचे गृहीतक तपासण्याची गरज कोणाला भासत नाही. १९९२ मध्ये जॉर्ज लँडो यांनी बार्थ आणि देरिदा यांची संहिताविषयक प्रमेये संगणकाच्या पडद्यावर साकार होत असल्याचे प्रतिपादन केले. २००० साली जोनाथन रोझेन यांनी तालमूद आणि इंटरनेट यांना शेजारी ठेवणारे पुस्तक लिहिले. रोझेन यांचे पुस्तक आप्तांच्या मृत्यूच्या छायेतले आत्मपर चिंतन आहे, सिद्धांतग्रंथ नव्हे. परंतु साम्य सुचवणाऱ्या प्रतिमेचे लवकरच घोषवाक्य झाले, आणि घोषवाक्याला पुरावा लागत नाही.

पुरावा प्रत्यक्ष पानावरच आहे. डॅनियल बाँबर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२०–२३ या काळात व्हेनिसमध्ये संपूर्ण बाबिलोनी तालमूद छापला, तेव्हा पानाची जी रचना रूढ झाली तीच विल्नाच्या रोम छापखान्याने १८८० ते १८८६ दरम्यान काढलेल्या आवृत्तीत पक्की झाली. मधोमध मिश्ना आणि गमारा, शिवणीच्या बाजूला राशीचे भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत. तोसाफोतचे कर्ते राशीच्या परंपरेतले, काही तर त्याचे नातू; आणि तरीही राशीचा अर्थ खोडून काढण्यात त्यांना संकोच नाही. आजोबा आणि नातू यांचा हा वाद मूळ संहितेच्या दोन्ही अंगांना एकाच दृष्टिक्षेपात उभा असतो. वाचकाने त्याची मागणी केलेली नसते. तो टाळता येत नाही, एवढेच.

दुव्याचे कार्य नेमके याच्या उलट आहे. वाचकाने कळ दाबल्यावर भाष्य उघडते, न दाबल्यास ते नसल्यातच जमा. शिवाय उघडणाऱ्या यादीत अकराव्या शतकातला राशी आणि कालपरवाचा टीपकार यांना एकाच आकाराची, एकाच वळणाची ओळ मिळते. पानावर जागा, अक्षराचे वळण आणि मूळ संहितेपासूनचे अंतर यांतून जी अधिकारव्यवस्था दिसत असे, ती यादीत विरघळते. यालाच कोणी लोकशाही म्हणत असेल तर म्हणोत. तिला तालमूदची वाचनपद्धती म्हणू नये.

याहून गंभीर प्रश्न विरामचिन्हांचा आहे. विल्ना आवृत्तीतल्या गमाऱ्याला स्वरचिन्हे नाहीत आणि आजच्या अर्थाने विरामचिन्हेही नाहीत. एखादे वाक्य प्रश्न आहे की विधान, हे जोडीने अभ्यास करणाऱ्या दोघांनी मोठ्याने वाचून, आवाजाच्या चढउतारातून, बहुधा भांडूनच ठरवायचे असते. हे ठरवणे वाचनाची पूर्वतयारी नसून प्रत्यक्ष वाचनच आहे. २०१७ मध्ये सेफारियाने विनामूल्य खुली केलेली, स्टाइनसाल्ट्झ यांच्या भाष्यावर आधारलेली आवृत्ती स्वरचिन्हे देते, विरामचिन्हे देते, मजकूर लहान खंडांत तोडून देते. तिच्या इंग्रजी अनुवादात शब्दशः भाषांतर ठळक अक्षरांत आणि पूरक स्पष्टीकरण साध्या अक्षरांत असते. ही प्रामाणिक सोय आहे. पण तो मजकूर निव्वळ अक्षरे म्हणून अन्यत्र उतरवला की ठळक आणि साधे यांतला भेद पुसला जातो, आणि स्टाइनसाल्ट्झ यांचा निर्णय तालमूदचे वचन म्हणून फिरू लागतो.

शतकानुशतके ज्यांना, विशेषतः स्त्रियांना, या ग्रंथापासून दूर ठेवले गेले, त्यांच्यासाठी हे दार उघडणे ही मोठी घटना आहे. तिची कुचेष्टा करण्याचा अधिकार कोणत्याही पंडिताला नाही. आक्षेप आहे तो ‘उपलब्ध’ आणि ‘वाचलेले’ हे शब्द समानार्थी मानण्याला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बार-इलान विद्यापीठात वाढलेल्या रिस्पॉन्सा प्रकल्पाच्या कर्त्यांना हा भेद ठाऊक होता. हिब्रू शब्दाला चिकटणारे उपसर्ग-प्रत्यय ओळखल्याशिवाय साधा शब्दशोधही शक्य नव्हता. म्हणजे यंत्राला आधी व्याकरण शिकवावे लागले, आणि व्याकरण हे अर्थनिर्णयनच असते. साधन घडवणाऱ्यांना जे कळले होते ते साधनाचे गोडवे गाणारे विसरले.

इजिप्तच्या लिपीबाबत हा विसर अधिक उघडा आहे. प्रत्येक चित्र म्हणजे एक गूढ कल्पना, ही सतराव्या शतकातल्या अथानासियस किर्खरची समजूत शांपोलियोंने १८२२ मध्ये मोडीत काढली. ही चिन्हे ध्वनीही लिहितात, हेच त्याच्या शोधाचे मर्म. (मराठीत रूढ असलेला ‘चित्रलिपी’ हा शब्द मात्र अजून किर्खरच्याच बाजूचा आहे.) २०२० मध्ये गूगलने आणलेल्या फॅब्रिशियस या साधनात अभ्यासकांसाठी चिन्ह ओळखण्याची गंभीर सोय होती, आणि शेजारीच आपला निरोप चित्रांत बदलून मित्राला धाडण्याचा खेळही होता. किर्खर परत आला तो या खेळातून. हायरोग्लिफ म्हणजे प्राचीन इमोजी, असे आता शिकलेली माणसेही बिनदिक्कत म्हणतात.

अभ्यासकांची साधने या दोषापासून मुक्त आहेत, पण त्यांची स्वतःची किंमत आहे. १८९७ मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या इजिप्शियन शब्दकोशाच्या चिठ्ठ्यांचा वारसा आज ‘थेसॉरस लिंग्वे इजिप्शिए’ हा संगणकीय कोश चालवतो. त्याचा मुख्य आधार रोमन लिप्यंतर आहे. मध्य राज्याच्या उत्तरकाळातील काही शवपेट्यांवर पक्ष्यांचे पाय आणि सापांची शेपटे मुद्दाम वगळलेली आहेत. थडग्यात जिवंत होऊन त्यांनी मृताला इजा करू नये म्हणून. लिप्यंतरात तो शेपूट छाटलेला साप केवळ ‘फ’ होतो. कोरणाऱ्याचे भय, म्हणजे त्या लेखनाचा अर्धा आशय, तिथे नोंदवायला जागाच नाही. तसेच दिशेचे. माणसे आणि प्राणी ज्या बाजूला पाहतात त्या बाजूने ओळ सुरू होते, आणि देवाची वाणी देवाच्या मुखाच्या दिशेने वळते. छापील व संगणकीय संहिता सारे डावीकडून उजवीकडे सरळ करून टाकते. कोण कोणाशी बोलतो आहे हे भिंतीवर दिसत होते, ते आता तळटिपेत शोधावे लागते.

युनिकोडने २००९ मध्ये १,०७१ हायरोग्लिफ स्वीकारले, २०२४ मध्ये आणखी ३,९९५. संख्या वाढली की प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांनी एस्नाच्या मंदिरात जावे. तिथे एक स्तोत्र जवळजवळ केवळ मेंढ्याच्या चिन्हांनी आणि दुसरे मगरीच्या चिन्हांनी लिहिलेले आहे. मगरीमागून मगर येते, आणि जवळपास सारखीच दिसणारी प्रत्येक मगर निराळी वाचायची असते. त्यांना संकेतांक देता येतो. पुढची मगर कशी वाचायची, यावर अभ्यासक अजून अडलेले आहेत.