चादरीचा हिशेब

चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेच्या बसगाड्या सुटू लागतात. पुणे, नाशिक, ठाण्याहून निघालेले जथे जबलपूरला थांबतात: ग्वारीघाटाची आरती, भेडाघाट, धुवांधार. प्रवासी बहुतेक साठीपुढचे. त्यांना रात्री आपण कुठे झोपवतो, याबद्दल आपण सहल-संयोजकांनी एकमेकांशी स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

गेल्या मोसमात मी दीक्षितपुऱ्याजवळच्या एका स्वस्त लॉजवर मुक्काम केला. नाव देत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. जागा सोयीची, कमानिया गेट, सराफा, बडा फुहारा सगळे जवळ. काउंटरला नवा ग्रॅनाइट, भिंतीवर मोठा टीव्ही. खोलीत मात्र ओल धरलेल्या भिंतीचा वास, बादलीला खाऱ्या पाण्याचे पांढरे थर, आणि इस्त्री केलेल्या चादरीवर आधीच्या माणसाच्या तेलाचा डाग. उशीला केस चिकटलेले. गादी उचलली तर शिवणीच्या कडेने काळे ठिपके होते. ते ठिपके कशाचे, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. रात्रभर दिवा चालू ठेवून मी खुर्चीवर बसून राहिलो. शेजारच्या खोलीत परिक्रमेतली एक वृद्ध जोडी होती. त्या आजी सकाळी हात-मान खाजवत चहाला आल्या, आणि आपल्याला काही बाधले असेल असेच त्या समजत होत्या. तक्रार केली तेव्हा पोरगा म्हणाला, ‘सुबह बदल देंगे, बाबूजी.’ तो खोटे बोलत नव्हता. दोन मजल्यांना तो एकटा होता, आणि कपाटात दुसरी चादरच नव्हती.

खरी गोम इथे आहे. एका पलंगाला निदान तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धोब्याकडे, एक कपाटात. पावसाळी हवेत किंवा थंडीत वाळायला दिवस जास्त जातो, तेव्हा चौथाही लागतो. सकाळी आठला एक बस निघते आणि दुपारी बाराला दुसरी येते. एकच जोड असलेला लॉजवाला त्या चार तासांत चादर उलटून तिच्यावर इस्त्री फिरवण्याखेरीज काय करणार? आपण दर घासून घेतो तेव्हा मालक भाडे कमी करत नाही की वीज कमी करत नाही, तो धोब्याची फेरी कमी करतो. स्वस्त खोली लहान असू शकते, तिला एसी नसेल, खिडकी गल्लीत उघडत असेल. घाण असण्याचे काही कारण नाही.

ढेकणांचे म्हणाल तर फिनाइलच्या वासाने ते जात नाहीत. नेहमीच्या फवारण्यांना ते बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, अंडी तर त्यातून वाचतातच, आणि रक्तावाचून ते महिनोन्‌महिने तग धरतात. त्यांना मारते ती उष्णता: साठ अंशांच्या पाण्यात धुणे, शिवणींवर आणि पलंगाच्या फटींवर वाफ. नाहीतर ते पिशवीत शिरून बसच्या डिकीतून प्रवाशाच्या घरी पोचतात.

वाटसरूच्या मुक्कामाचा प्रश्न जबलपूरला जुना आहे. वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांविरुद्धची मोहीम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात इथूनच चालवली. १८६७ मध्ये अलाहाबादहून रेल्वे इथवर आली, आणि ७ मार्च १८७० ला मुंबई-कलकत्ता लोहमार्ग इथेच जोडला गेला. त्याच १८६७ साली सरायांचा कायदा झाला. खोल्या, व्हरांडे, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवणे हे सरायवाल्याचे कर्तव्य म्हणून त्यात लिहिले आहे. दंड जास्तीत जास्त वीस रुपये, आणि चूक चालू राहिली तर दिवसाला एक रुपया. उत्तर प्रदेशात अगदी अलीकडेपर्यंत लॉजची नोंदणी याच कायद्याखाली होत आली. त्या वीस रुपयांना आज कोण भिणार!

प्रवाशाच्या हातात आता दुसरे हत्यार आहे, हे मात्र लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदवू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पुण्याच्या आजींनी पैसे तुम्हाला दिलेले असतात, जबलपूरच्या लॉजला नाही. नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल, आणि ती योग्यच असेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. तेवढा दर उतरवून मागणारे संयोजक मला माहीत आहेत. पण त्याबरोबर इनपुट क्रेडिट गेले, म्हणजे लाँड्रीच्या बिलावरचा कर आता लॉजवाल्याच्या अंगावर पडतो. वाचलेल्या पैशांतून काही रक्कम धुलाईसाठी वेगळी द्या आणि तिची पावती मागा. बुकिंगच्या पत्रात पलंगामागे तीन जोड लिहून घ्या. बस पोचण्याआधी तासभर तुमचा माणूस तिथे पाठवा. त्याने काउंटर बघू नये, वाटेल त्या चार गाद्या उचलून बघाव्यात आणि कपाट उघडायला लावावे. नकार मिळाला तर दुसरी जागा पाहायला तेवढा वेळ हाताशी राहतो. जबलपूरचा आगाऊ रकमेचा चेक अजून गेला नसेल, तर ही अट घालूनच पाठवा.