विश्लेषण : युद्धातला फोटो खरा, तरी बातमी खोटी कशी? शेअर करण्याआधी काय तपासायचं?

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं आणि काही तासांत युद्ध आपल्या फोनमध्ये येऊन पोहोचलं. बहावलपूरजवळ पाडलेल्या भारतीय राफेलचा म्हणून एक फोटो फिरला. तो प्रत्यक्षात २०२१ मध्ये पंजाबातल्या मोगा जिल्ह्यात कोसळलेल्या मिग-२१ विमानाचा होता. कराची बंदर पेटल्याचा म्हणून जो व्हिडिओ भारतात फिरला, तो जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात झालेल्या विमान अपघातानंतरचा होता. 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली दृश्यं तर दोन्ही देशांत 'थेट रणांगणातून' म्हणून पाहिली गेली.

यातला एकही फोटो किंवा व्हिडिओ बनवायला फार अक्कल लागली नव्हती. तरी लाखो लोकांनी तो पुढे पाठवला. युद्धाच्या काळात फोटो आपल्याला नेमका कसा फसवतो, आणि ही फसवणूक फक्त सोशल मीडियाची देणगी आहे का?

फोटो 'मांडण्याची' पद्धत कधीपासून आहे?

जवळपास युद्ध-छायाचित्रणाइतकीच ती जुनी आहे, आणि त्यातलं एक सुरुवातीचं उदाहरण भारतातलंच आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत ब्रिटिश फौजांनी सुमारे दोन हजार बंडवाल्या सैनिकांना मारलं. छायाचित्रकार फेलिचे बियातो तिथे पोहोचला तो १८५८ च्या मार्चमध्ये, म्हणजे चार महिन्यांनी. तरीही त्याच्या प्रसिद्ध फोटोत पडक्या इमारतीसमोरच्या अंगणात हाडं आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. ते अवशेष फोटोसाठी तिथे आणून मांडले गेले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. कत्तल खरी होती, पण फोटोतलं दृश्य कत्तलीच्या दिवसाचं नव्हतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धातही हेच घडलं. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका मृत सैनिकाचा देह उचलून काही अंतरावरच्या दगडी आडोशाला नेला, शेजारी बंदूक टेकवली आणि 'बंडखोर नेमबाजाचं ठाणं' असा फोटो तयार केला. हा देह हलवला होता, हे शंभर वर्षांनी एकाच देहाचे वेगवेगळे फोटो शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या महायुद्धातला बर्लिनच्या राइशस्टागवर सोव्हिएत झेंडा फडकतानाचा फोटो जगभर माहीत आहे. येवगेनी खाल्देई यांनी तो २ मे १९४५ रोजी काढला. झेंडा प्रत्यक्षात आधीच, ३० एप्रिलच्या रात्री लागला होता. खाल्देईंनी झेंडा स्वतःबरोबर नेला होता आणि सैनिकांना उभं करून फोटो घेतला. नंतर त्यात धूर गडद केला गेला आणि एका सैनिकाच्या दोन मनगटांवरच्या दोन घड्याळांपैकी एक खरवडून काढलं गेलं. दोन घड्याळं म्हणजे लुटीचा संशय, आणि तो विजयाच्या फोटोत नको होता.

संगणक आल्यावर काय बदललं?

पूर्वी फेरफारासाठी डार्करूम आणि कौशल्य लागायचं. डिजिटल काळात ते काम काही मिनिटांचं झालं. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी बसराजवळ एक ब्रिटिश सैनिक आणि नागरिकांचा जमाव असे एकापाठोपाठ फोटो काढले. एका फोटोत सैनिकाचा हात चांगला आला होता, दुसऱ्यात मुलाला घेतलेला माणूस चांगला आला होता. त्यांनी दोन्ही जोडून एक केला. तो पहिल्या पानावर छापला गेला. दुसऱ्या एका वृत्तपत्रातल्या कर्मचाऱ्याला पार्श्वभूमीत तीच माणसं दोनदा दिसली आणि वॉल्स्की यांची नोकरी गेली.

तीन वर्षांनी लेबनॉन युद्धात याहून मोठं प्रकरण झालं. ऑगस्ट २००६ मध्ये 'रॉयटर्स'साठी काम करणारे अदनान हज यांनी बैरूतवरच्या इस्रायली हल्ल्यानंतरचा फोटो पाठवला. त्यात धुराचे लोट होते, पण एकाच आकाराचे गोळे पुन्हा पुन्हा दिसत होते. फोटोशॉपमधल्या 'क्लोन' सुविधेने धूर वाढवला होता. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी ते पकडलं. मग त्यांचा आणखी एक फोटो तपासला गेला. त्यात इस्रायली एफ-१६ विमानातून सुटलेल्या एका फ्लेअरचे, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी सोडायच्या जळत्या गोळ्याचे, तीन केले होते आणि फोटोओळीत त्यांना क्षेपणास्त्रं म्हटलं होतं. आपण फक्त धुळीचे डाग काढत होतो, असा हज यांचा बचाव होता. रॉयटर्सने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले.

सरकारंही यात मागे नाहीत. जुलै २००८ मध्ये इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्सनी क्षेपणास्त्र चाचणीचा फोटो प्रसिद्ध केला. त्यात चार क्षेपणास्त्रं एकाच वेळी झेपावताना दिसत होती. 'एएफपी'ने तो जगभर पाठवला, मोठ्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापला. नंतर त्याच क्षणाचा दुसरा फोटो समोर आला. त्यात झेपावणारी क्षेपणास्त्रं तीनच होती. चौथं धूर आणि धुळीसकट इतरांवरून नक्कल करून चिकटवलं होतं. एएफपीला फोटो मागे घ्यावा लागला.

थोडासा बदल केला तर एवढी शिक्षा का?

सीरियातल्या युद्धाचं एक उदाहरण पाहा. 'एपी'चे नार्सिसो कॉन्ट्रेरास हे पुलित्झर मिळालेल्या चमूतले छायाचित्रकार. २०१३ मध्ये काढलेल्या एका बंडखोर सैनिकाच्या फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. कॉन्ट्रेरास यांनी तो पुसून तिथे माती भरली. कोणाची बदनामी झाली नाही, कोणत्याही बाजूला फायदा झाला नाही. तरीही जानेवारी २०१४ मध्ये एपीने त्यांच्याशी संबंध तोडले. त्यांचे जवळपास ५०० फोटो तपासले गेले, दुसऱ्या एकाही फोटोत फेरफार सापडला नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हे फार कठोर वाटेल. पण वृत्तसंस्थेच्या बाजूने विचार करा. बॉम्ब पडतोय तिथे वाचक नसतो, संपादकही नसतो. असतो तो फक्त छायाचित्रकार. त्याच्या शब्दावर बाकी सगळे विसंबतात. त्याने कॅमेरा पुसला हे चालवून घेतलं, तर पुढच्या वेळी मृतदेह पुसला नसेल याची खात्री कोण देणार? प्रकाश थोडा वाढवणं, कडा कापणं हे नियमात बसतं. फोटोत नसलेलं घालणं किंवा असलेलं काढणं बसत नाही. रॉयटर्सने २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपीईजी फाइलच पाठवायला सांगितलं, ते याच कारणाने.

फोटो खरा आणि ओळ खोटी, हे कसं?

फॉरवर्डमधून सगळ्यात जास्त फसवणूक याच मार्गाने होते. इथे फोटोला कोणी हातही लावत नाही. फक्त खालची ओळ बदलतात. मोगा जिल्ह्यातल्या विमानाचा फोटो शंभर टक्के खरा होता. खोटी होती ती जागा आणि तारीख.

हे फक्त अनोळखी हँडलवरून होतं असंही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी चेहरा जखमांनी भरलेल्या एका मुलीचा फोटो उंच धरला आणि तो काश्मीरमधल्या पेलेट गनचा परिणाम असल्याचं सांगितलं. तो फोटो गाझातल्या मुलीचा होता, हायडी लेव्हिन यांनी २०१४ मध्ये काढलेला. त्याआधीच्या वर्षी काश्मीरमध्ये पेलेटमुळे अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली होती, हे भारतीय वृत्तपत्रांनीही छापलं होतं. पण त्या दिवसानंतर चर्चा त्या जखमींची झाली नाही, चुकीच्या फोटोचीच झाली. खोट्या पुराव्याने खऱ्या जखमा झाकल्या गेल्या.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. फोटो खोटा निघाला म्हणून घटना खोटी ठरत नाही. 'पाडलेल्या राफेल'चा फोटो मोगाचा निघाला, तेव्हा 'म्हणजे आपलं एकही विमान पडलं नाही' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पुढे ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी भारताने विमानं गमावल्याचं मान्य केलं. आकडा त्यांनी सांगितला नाही, आणि सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा साफ चुकीचा असल्याचं म्हटलं. फोटो खोटा की खरा, आणि घटना घडली की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एआयमुळे नवीन काय आलं?

आता फोटोसाठी कॅमेराही लागत नाही. मे २०२४ मध्ये रफाहमधल्या तंबूंवर इस्रायली हल्ला झाल्यानंतर 'ऑल आइज ऑन रफाह' असं लिहिलेलं एक चित्र इन्स्टाग्रामवर चार कोटींहून अधिक वेळा शेअर झालं. आपल्याकडच्या अनेक सेलिब्रिटींनीही ते टाकलं. त्यातल्या शिस्तीत मांडलेल्या तंबूंच्या रांगा आणि मागचे डोंगर एआयने बनवलेले होते. शेअर करणाऱ्या बऱ्याच जणांचा हेतू फसवण्याचा नव्हता. पण त्याच वेळी रफाहमध्ये स्थानिक छायाचित्रकार जीव धोक्यात घालून खरे फोटो काढत होते. ते पाहवत नव्हते. त्यांच्या जागी रक्ताचा थेंबही नसलेलं चित्र घराघरात पोहोचलं.

खऱ्या फोटोला खोटं म्हणणं जास्त घातक का?

९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधल्या मारियुपोल शहरात प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. एपीचे येवगेनी मालोलेत्का यांनी स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या जखमी गरोदर स्त्रीचा फोटो काढला. रशियाच्या अधिकाऱ्यांनी एकीकडे सांगितलं की रुग्णालयात रुग्णच नव्हते. दुसरीकडे रशियाच्या लंडनमधल्या दूतावासाने हे फोटो बनावट असल्याचं आणि फोटोंमधली दुसरी एक गरोदर स्त्री भूमिका वठवत असल्याचं म्हटलं, कारण ती सौंदर्यप्रसाधनांविषयी ब्लॉग लिहायची. एपीच्या पत्रकारांनी पुढचे दिवस शहरातच राहून शोध घेतला. ब्लॉग लिहिणाऱ्या स्त्रीने मुलीला जन्म दिला होता. स्ट्रेचरवरची स्त्री आणि तिचं बाळ, दोघंही दगावली होती.

'सगळं बनावट असतं' हे वाक्य आपल्याला हुशार वाटायला लावतं. पण न तपासता विश्वास ठेवणं आणि न तपासता अविश्वास दाखवणं, दोन्हींत कष्ट सारखेच, म्हणजे शून्य. १९४५ च्या इवो जिमा बेटावरच्या झेंड्याच्या फोटोवरही 'मुद्दाम उभा केलेला' असा आरोप अनेक वर्षं होत राहिला. जो रोझेन्थाल यांना फोटो पोझ देऊन काढला का असं विचारलं, तेव्हा त्यांना वाटलं की नंतर काढलेल्या समूहफोटोविषयी प्रश्न आहे आणि ते हो म्हणाले. झेंडा दुसऱ्यांदा लावला जात होता हे खरं, पण तो क्षण त्यांनी रचलेला नव्हता.

प्रत्येक पकडला गेलेला खोटा फोटो या अविश्वासाला खतपाणी घालतो. २००६ मध्ये बैरूतवर बॉम्ब खरेच पडत होते आणि त्या युद्धात लेबनॉनमध्ये हजाराहून अधिक माणसं मेली. हज यांनी धूर वाढवला नसता तरी तो पुरेसा काळा होता. पण त्यानंतर लेबनॉनमधल्या प्रत्येक फोटोकडे 'हाही तसलाच' म्हणून बोट दाखवता आलं.

मग आपण काय करायचं?

पहिलं, फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय यावर टाकून बघा. तोच फोटो जुन्या तारखेने सापडला तर प्रश्न मिटला. व्हिडिओ असेल तर एखादं दृश्य थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा.

दुसरं, फोटो काढणाऱ्याचं नाव, जागा आणि तारीख शोधा. वृत्तसंस्थेच्या फोटोखाली या तिन्ही गोष्टी असतात. 'ग्रुपवर आलाय' हे नाव नव्हे.

तिसरं, चौकटीच्या आतलं वाचा. पाट्यांची भाषा, गाड्यांच्या नंबरप्लेट, गणवेश, हवामान, सावल्या. एकच ढग किंवा एकच चेहरा दोनदा दिसतोय का? गेममधली दृश्यं बहुतेक वेळा रात्रीची, लांबून घेतलेली आणि माणसांशिवाय असतात.

चौथं, त्याच घटनेचा दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो आहे का ते बघा. इराणचं चौथं क्षेपणास्त्र आणि गेटिसबर्गचा हलवलेला देह, दोन्ही शेजारी फोटो ठेवल्यावरच उघडे पडले. मोठा स्फोट झाला असेल तर आज प्रत्येक गच्चीवर एक कॅमेरा असतो.

पाचवं, आपल्या बाजूचा फोटो जास्त कडक तपासा. शत्रूच्या खोटेपणावर आपलं लक्ष आपोआप जातं. आपल्याला हवी तीच बातमी सांगणारा फोटो आला की बोट आधी 'फॉरवर्ड'वर जातं.

एवढं करूनही खात्री झाली नाही, तर पाठवू नका. तुम्ही पाठवला नाही म्हणून युद्धाची एकही बातमी कोणाची चुकणार नाही. पाठवलात आणि तो खोटा निघाला, तर त्याच गावातून उद्या येणाऱ्या खऱ्या फोटोवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्याची किंमत त्या फोटोतल्या माणसाला मोजावी लागेल.