तीस टनांची सहल

आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफी मशिनपाशी एक स्पर्धा चालते. कोण किती स्वस्तात कुठे जाऊन आला, याची. "बँकॉक रिटर्न, फक्त चौदा हजार!" "हॅ, आम्हाला हनोई तेरात पडलं!" जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव, जणू सहा महिने कुणालाही न सापडलेला बग यानेच शोधलाय. मीही या स्पर्धेत उतरलेला आहे, एकदोनदा जिंकलेलोही आहे, त्यामुळे उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. पण यात एक मेख आहे. ती मला ४२ हजार रुपये घालवून कळली, तुम्हाला फुकट सांगतो. :)

स्वस्त परदेशवारीचे सल्ले तुम्हाला पाठ असतील. तीन महिने आधी बुक करा, सेलमध्ये घ्या, मंगळवार-बुधवारी उडा, पैसे परत न मिळणारं तिकीट घ्या. सगळे सल्ले बरोबर आहेत. पण तारीख तुमच्या हातात आहे, हे ते सगळे गृहीत धरतात. नीट बघितलं तर विमान कंपनी सूट देते ती कशाबद्दल? तुम्ही तुमची तारीख तिला आधीच विकून टाकता, त्याबद्दल. माझ्यासारख्या पगारी माणसाला तारीख विकायला काही वाटत नाही. रजा टाकली, मॅनेजरने थोडं तोंड वाकडं करून मंजूर केली, विषय संपला. आमच्या आण्णांकडे विकायला तारीखच नव्हती.

आमचं गाव न्हावरे, तालुका शिरूर. शिरूर-चौफुला रस्त्यावर. घोडगंगा साखर कारखाना गावातच, आणि घरी ऊस, थोडा कांदा, चार गाई. ज्यांचा उसाशी संबंध फक्त रसवंतीपुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. ऊस कधी तुटणार हे शेतकरी ठरवत नाही. लागणीची नोंद असते, कारखान्याचा तोडणी कार्यक्रम असतो, पण प्रत्यक्षात टोळी फडात कधी उतरेल हे चिटबॉयने सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि त्याने सांगितलं तरी खरं होईलच असं नाही. आणि टोळी आली की घरचं माणूस बांधावर पाहिजे. पाळी गेली तर टोळी पुढच्या फडात, तुमचा ऊस उन्हात, वजन कमी.

तर झालं असं. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला. बातमी वाचली त्याच रात्री एका सेलमध्ये मी तीन तिकिटं काढली. आई, आण्णा आणि मी. जानेवारी २०२४ चा शेवटचा आठवडा. आण्णांनी अंदाज दिला होता, "डिसेंबर एंडिंगला तुटंल बघ." मी तो अंदाज प्रॉजेक्ट मॅनेजरच्या डेडलाइनसारखा खरा मानला. (म्हणजे चूक माझीच.) निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आण्णांचा फोन. "टोळी आली रं. तू आन् आई जाऊन या."

आई एकटी जाणार नव्हती, आणि त्यांना सोडून जाण्यात मला काही अर्थ वाटेना. तिकिटं बुडाली. इथे एक उपयोगाची गोष्ट: पैसे परत न मिळणारं तिकीट रद्द केलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. तसा डीजीसीएचा नियम आहे. मात्र मागावं लागतं. मी मागितलं, मिळालं, आणि ते वजा जाता नुकसान उरलं ४२ हजार. आण्णांना सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे चौदा टन."

आण्णा रुपयांत विचार करत नाहीत. मोठा आकडा आला की तीन हजाराने भागतात आणि टनात सांगतात. माझं इंजिनिअरिंगचं शिक्षणही त्यांना टनात तोंडपाठ आहे.

त्यानंतर ऑफिसातल्या एका मित्राने सल्ला दिला, "अरे त्यांना एकदाच काय ती मोठी टूर करून दे ना. युरोप. दहा-बारा दिवस." हा सल्ला आपल्याकडे फार जुना आहे. केसरी १९८४ पासून आणि वीणा वर्ल्ड २०१३ पासून मराठी माणसाला जग दाखवतायत. ज्यांना इंग्रजीची धास्ती होती, जेवणाची काळजी होती, अशा कितीतरी लोकांचा पहिला पासपोर्ट या टूर्समुळे निघाला. त्यांना नावं ठेवण्याचा माझा इरादा अजिबात नाही. पण दहा-बारा दिवस? गाईंची धार रोज दोनदा काढावी लागते. चार दिवस भावबंदकीत कुणीतरी सांभाळतं, बारा दिवस कुणाला सांगणार? 'एकदाच काय ती मोठी' या नादात आमच्या गावातली कितीतरी माणसं पंढरपूर, तिरुपती आणि एखादी काशी यापलीकडे न जाता गुडघ्यांच्या ऑपरेशनपर्यंत पोचली. मोठी ट्रिप राहते ती राहतेच. म्हणून मी म्हणतो, शेतकरी आईबापांसाठी छोटी स्वस्त सहल ही मोठ्या सहलीची गरीब बहीण नाही. त्यांना झेपेल अशी तीच एक सहल आहे.

दुसरा प्रयत्न केला तो उलट्या बाजूने. आधी सेल बघितला नाही, आधी शेत बघितलं. बांधावर बसून आण्णांना विचारलं, वर्षात असे चार दिवस कधी असतात जेव्हा तुमच्यावाचून काही अडत नाही? बराच विचार करून म्हणाले, आडसाली लागण उरकली की पोळ्याच्या आधी. म्हणजे ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा. आणि गंमत बघा, थायलंडमध्ये हे पावसाचे दिवस, म्हणजे पर्यटकांचा दुष्काळ. तिकिटं स्वस्त, हॉटेलं स्वस्त. पंधरा ऑगस्टचा जोडून येणारा वीकेंड मात्र टाळायचा, तेव्हा अर्धा हिंजवडी विमानात असतो. आम्ही बुधवार ते रविवार गेलो, २१ ते २५ ऑगस्ट २०२४. तिकीट अडीच महिने नाही, तीन आठवडे आधी काढलं. प्रत्येकी १७,४००. कॉफी मशिनपाशी हा आकडा सांगितला असता तर लोक हसले असते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण गावाकडच्या आईबापांचा पासपोर्ट काढताना लोक इथेच अडकतात. आण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर गाव 'न्हावरा', आधारवर 'न्हावरे', इंग्रजी स्पेलिंगं तर जितके कारकून तितकी. अर्ज भरायच्या आधी आधार दुरुस्त करून घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे. तसाही तो शेरा नोकरीसाठी जाणाऱ्यांना आडवा येतो, परतीचं तिकीट घेऊन फिरायला जाणाऱ्यांना नाही. फी १,५००, आणि साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत, म्हणजे आण्णांचा १,३५० मध्ये झाला. (याचं त्यांना थायलंडपेक्षा जास्त कौतुक.)

तिकीट आणि हॉटेल वेगवेगळं काढण्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. परदेशी टूरचं पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस कापला जातो. नोकरदार माणूस रिटर्न भरताना तो वळता करून घेतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे आण्णांनी जन्मात रिटर्न भरलेलं नाही. त्यांच्या नावावर पॅकेज घेतलं असतं तर ते पैसे सोडवायला आधी रिटर्न भरावं लागलं असतं. आणखी एक: १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती खरी नव्हे असं समजा. व्हिसाचे नियमही बदलत असतात, तेव्हा तिकिटाआधी दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, मी लिहिलंय म्हणून जाऊ नका.

आता हिशोब. तिकिटं ५२,२००. तिघांना एक मोठी खोली, तीन रात्री, ४,२०० बाथ, म्हणजे तेव्हाच्या भावाने १०,०८०. खाणं आणि फिरणं १७,२८०. गावाहून मुंबई जाऊन-येऊन ३,५००. विमा १,५००. दोन पासपोर्ट २,८५०. किरकोळ आणि भेटवस्तू २,६००, त्यात गाई सांभाळणाऱ्या काकूंची छत्री धरून. एकूण ९०,०१०. पैसे वाचले ते दोन ठिकाणी. एक म्हणजे तिथल्या एटीएमला आमच्या कार्डावर दर खेपेला २२० बाथ जादा लागत होते, म्हणून एकदाच काय ते काढले. दुसरं म्हणजे आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आई माळकरी. तिथे शुद्ध शाकाहाराला 'जे' म्हणतात, पिवळ्या पाटीवर तांबडं अक्षर असतं. ते अक्षर आईने पहिल्याच दिवशी ओळखायला शिकून घेतलं, मला शेवटपर्यंत जमलं नाही.

"तीस टन," आण्णा म्हणाले. "आन् मागचे चौदा धर. चव्वेचाळीस. एक एकर गेला."

हा हिशोब मला टोचतो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात एका एकराला ठिबक झालं असतं आणि वर पैसे उरले असते. सोसायटीचं कर्ज आहेच. सहलीवर टीका करणाऱ्या भाऊबंदांचं म्हणणं मला मूर्खपणाचं वाटत नाही. माझं उत्तर एवढंच, की ठिबक पुढच्या वर्षीही बसवता येईल, आणि आण्णा तेव्हा एकसष्ट पूर्ण झालेले होते. मात्र हे पैसे माझ्या पगारातले, साठवलेले होते. हप्त्यांवर सहल काढणाऱ्यांना मी यात धरत नाही. बारा महिने ईएमआय भरून चार दिवस बँकॉक, हा प्रकार मला पटत नाही, मग तिकीट कितीही स्वस्त मिळो.

बँकॉकबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही पाहिलेलं असेल. सोळा बाथांत नदीतली बोट, वाट फोचा ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध, मॉलसमोरच्या गणपतीला आईने केलेला नमस्कार. आण्णा दोन दिवस गप्पच होते. मला वाटलं, पैसे वाया गेले.

शुक्रवारी थोनबुरी स्टेशनहून कांचनाबुरीची गाडी पकडली. परदेशी माणसाला १०० बाथ, पंखे, उघड्या खिडक्या. मला तो प्रसिद्ध क्वाय नदीवरचा पूल दाखवायचा होता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४२-४३ मध्ये युद्धकैदी आणि आशियाई मजूर राबवून जो रेल्वेमार्ग बांधला, त्यावरचा. जवळच्या दफनभूमीत जवळजवळ सात हजार कबरी आहेत. मजूर त्याहून कितीतरी जास्त मेले, त्यात मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ लोकही होते, पण त्यांच्या नावाच्या अशा रांगा नाहीत. आण्णा तिथे बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे होते.

पण हे नंतर. त्याआधी, था माकाच्या आसपास, आण्णा एकदम खिडकीतून अर्धे बाहेर. "ऊस! आरं ऊस हाय ह्यो!" रुळाच्या दोन्ही बाजूंना ऊस. मला थायलंड म्हणजे समुद्र एवढंच माहीत, हा देश जगातल्या मोठ्या साखर निर्यातदारांपैकी आहे आणि कांचनाबुरी हा तिथला ऊसपट्टा आहे, हे मी नंतर वाचलं. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याला आण्णांनी हाताने विचारलं, किती कांड्यांवर आलाय? त्याने बोटं दाखवली. मग पाणी कुठून? त्याने आभाळाकडे बोट केलं. बराचसा ऊस पावसावरच. आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना विहिरी मारायला लावल्या. पुढचा तासभर दोघं बोलत होते, एक मराठीत, एक थाईत, मी मध्ये फोनवर भाषांतर करायला गेलो तर आण्णांनी हात झटकला.

रात्री मी वाचून दाखवलं, की तिथे १९८४ च्या कायद्याने साखरेच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा ऊसवाल्यांचा आणि तीस कारखान्याचा. आपल्याकडेही २०१३ च्या कायद्यात सत्तर-तीसच आहे, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. म्हणाले, "कागदावरचं नको सांगू. त्यांच्या काट्याचं काय ते विचारायला पायजे होतं त्याला."

रविवारी रात्री न्हावऱ्यात पोचलो. आण्णा कपडे न बदलता आधी गोठ्यात.

परवा गावी गेलो होतो तर जेवताना स्वतःहून विषय काढला. तिथली तोड बघायचीय, काटा बघायचाय. मी म्हटलं, आण्णा, त्यांचा हंगाम डिसेंबर ते मार्च. आपलाही तोच. ते म्हणाले, "मला ठावं हाय. आपला ह्या साली खोडवा हाय, लवकर जाईल."

मी जानेवारीच्या तिकिटांचे भाव बघतोय. तारीख बदलता येणाऱ्या तिकिटाला माणशी दोन टन जास्त पडतायत.