घरातली कुंभारीण मारायची अन् ट्रायकोकार्ड विकत आणायचं?

जऊळक्यात थंडी चांगली पडली. हरभरा फुलावर आहे, शेंड्यावर घाटेअळीची अंडी दिसायला लागली. आज मात्र घरातलं लिहितो, अन् जरा रागानंच लिहितो.

काल शेजारच्या भावाकडं गेलो तर गडी पाठीवर पंप घेऊन चक्क घरात फवारत होता. कपाशीचं उरलेलं औषध! काहून, तर टिनाखाली गांधीलमाश्या झुबका करून बसल्या अन् भिंतीला कुंभारणीनं मातीची घरं केली. पलीकडच्या खोलीत लेकरू झोपलेलं, मांडणीवर ताटं उघडी. 2017 ला आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. ती मोकळ्या वावरात फवारत होती. आपण तेच विष चार भिंतींच्या आत मारायचं?

"चावतात ना त्या," भाऊ म्हणे.

चावतात, मान्य. पण थंडीत त्या सुस्त पडून असतात, हात घातल्याशिवाय अंगावर येत नाहीत. अन् पावसाळाभर त्या काय करत होत्या ते कोणी पाहिलं? गांधीलमाशी पिकातली अळी धरते, चावून तिचा गोळा करते अन् पोळ्यातल्या पिल्लांना चारते. तिला आपण रोजही देत नाही.

हे शहाणपण मला उशिरा आलं. मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या साफसफाईत मीच खुरप्यानं कुंभारणीचं मडकं फोडलं. आत सात हिरव्या अळ्या निघाल्या, जिवंत पण लुळ्या. निरखून पाहिलं तर सोयाबीनवरची उंटअळी! तिच्यासाठी त्याच आठवड्यात मी औषधाची बाटली आणली होती. आपण कीर्तनात ऐकतो, भृंगी अळीला कोंडते अन् ध्यानानं अळीची भृंगी होते. दृष्टांत म्हणून गोड आहे. खरं असं, की माशी डंख मारून अळीला लुळी करते, मडक्यात भरते अन् सोबत आपलं अंडं घालते. पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन वाढतं अन् तिथंच कोष करतं.

आता हिशोब लावा. कपाशीला लावायला आपण ट्रायकोकार्ड पैसे देऊन आणतो. एका कार्डावर वीसेक हजार अंडी, ऊन लागू नये म्हणून जपत आणायची. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राचे अन् अकोल्याच्या विद्यापीठाचे लोक मित्रकीटक सांगून सांगून थकले. आपण मान डोलावतो अन् घरी येऊन फुकटच्या मित्रकीटकांवर पंप चालवतो. रात्री बल्बवर येणारा जाळीदार पंखांचा हिरवा किडा, क्रायसोपा, त्यालाही चप्पल. त्याची अळी मावा खाते हो!

सगळ्याच कुंभारणी अळ्या धरत नाहीत, हेही सांगतो. लांब बारीक कंबरेची एक जात मडक्यात कोळी भरते. कोळीही आपलाच मित्र, म्हणून तिचं कौतुक मी कमी करतो. अन् भिंतीवर चार मडकी आहेत म्हणून घाटेअळी संपत नाही. कामगंध सापळे, पक्षिथांबे लागतातच.

अमेरिकेत हिवाळ्याच्या तोंडावर लेडीबर्ड भुंगेरे झुंडीनं घरात शिरतात. तिथले जाणकार सांगतात, औषध मारत बसू नका, झाडून नाहीतर व्हॅक्यूमनं ओढून काढा अन् फटी बुजवा. आपल्यालाही तेवढं जमतं. दारावर, लेकरांच्या हाताशी पोळं असेल तर काढाच, पण अंग झाकून, जाणत्या माणसाकडून. ज्याला डंखानं अंगभर सूज येते, दम लागतो, त्यानं जवळ फिरकू नये. डंख झालाच तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. मातीच्या मडक्याला भोक दिसलं तर माशी उडून गेली समजा, खुशाल खरवडा. बंद असेल तर आत पिल्लू असू शकतं. अलगद निघालं तर गोठ्यात आडोशाला ठेवा, नाहीतर राहू द्या. शेतीचं औषध मात्र घरात कोणत्याच किड्यासाठी नाही. झुरळासाठीही नाही.

माझ्याकडं देवळीच्या वर तीन बंद मडकी आहेत. घरची म्हणते, पाहुणे आले की लाज वाटते. म्हटलं, पाहुण्यालाही सोयाबीन आहे, त्यालाही दाखव.