किती प्यायचं ते झाडाला ठरवू द्या



गेल्या वर्षी रमजान ईदला धाकटी लेक पुण्याहून आली, ती हातात एक इवलीशी कुंडी घेऊन. मखमलीसारखी पानं आणि मधोमध जांभळ्या फुलांचा गुच्छ. आफ्रिकन व्हायोलेट! आमच्या मुरुमला आमच्या गल्लीत हे झाड कुणीच पाहिलं नव्हतं. शेजारच्या खाला, समोरच्या वहिनी, सगळ्या येऊन बघून गेल्या. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, ती कुंडी आपल्या खोलीतल्या खिडकीत ठेवून घेतली. नातीनं आणलेली ना!

दीड महिन्यात झाडानं मान टाकली. "उन्हाळा आहे गं, तहान लागली बिचाऱ्याला," असं म्हणत अम्मींनी आणखी पाणी घातलं. मग लक्षात आलं की वुजू झाला की लोट्यात उरलेलं पाणी त्या कुंडीतच ओतत होत्या. दिवसातून पाच वेळा! टंचाईत जन्म काढलेल्या बाईच्या हातून पाणी वाया जात नाही. झाड उपटून पाहिलं, तर मुळं तपकिरी, चिकट, हात लावला की तुटणारी. झाड तहानेनं नाही, पाण्यानंच गेलं होतं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. दिसायला अगदी तहानेसारखंच. तेव्हा पान लोंबलं की आधी मातीत बोट घालून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर एक थेंबही घालू नका.

हे झाड मूळचं टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतलं. 1892 मध्ये सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याला ते तिथं दिसलं. सावलीत, खडकांच्या कपारीत वाढणारं. तिथं ओल असते, पण पाणी साचत नाही. आपल्याला कुंडीत हेच साधायचं आहे, आणि त्यासाठी वात उपयोगी पडते.

कंदिलाची वात रॉकेल वर ओढते, तशीच कुंडीतली वात खालच्या डब्यातलं पाणी वर ओढते. माती सुकेल तसतसं पाणी वर चढतं. आपल्याकडे नव्या रोपाशेजारी मटका पुरून त्यातून वात काढतात, तीच ही युक्ती, फक्त छोटी.

साहित्य साधं आहे. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तीन-चार इंचांची प्लास्टिकची कुंडी आणि वीतभर नायलॉनची बारीक दोरी किंवा विणकामाची अॅक्रिलिक लोकर. सुती वात चालते, पण ती काही महिन्यांत कुजते. डबा आरपार दिसणारा नको, नाहीतर आत शेवाळ धरतं.

वात आधी भिजवून घ्या. तिचं एक टोक कुंडीच्या तळाच्या भोकातून आत घेऊन अर्ध्या उंचीपर्यंत उभं धरा आणि भोवतीनं मिश्रण भरा. दुसरं टोक डब्याच्या झाकणाला भोक पाडून पाण्यात सोडा. कुंडी झाकणावर बसली पाहिजे, तिचा तळ पाण्याला टेकता कामा नये. पहिल्यांदा वरून पाणी घाला. वातीतून थेंब ठिबकू लागले की वात चालू झाली समजा. झाकण घट्ट ठेवा, कारण उघड्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपली काळी माती यात मुळीच वापरू नका. ती पाणी धरून ठेवते. वात पाणी देत राहील आणि कुंडीचा चिखल होईल. धुतलेलं कोकोपीट एक वाटी आणि परलाइट एक वाटी, एवढंच मिश्रण पुरे. परलाइट म्हणजे पांढरे, हलके खडे. नर्सरीत मिळतात. त्यांच्यामुळे मुळांना हवा मिळते.

आठवड्यानंतरही मिश्रण दाबल्यावर पाणी सुटत असेल, तर वात जाड आहे. बारीक घाला, किंवा डबा रिकामा झाल्यावर दोन दिवस थांबून मगच भरा. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार वर चढून मिश्रणावर पांढरी साय धरते. म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर साधं पाणी घालून ते निथळू द्या. पावसाचं पाणी साठवलं असेल तर उत्तम. खत द्यायचंच तर अगदी पातळ. पाण्यात विरघळणारं खत चार लिटरला चहाच्या चमच्याचा आठवा भाग.

खरं सांगायचं तर आपला मे महिना या झाडाला सोसवत नाही. 18 ते 27 अंश तापमान त्याला मानवतं. म्हणून उन्हाळ्यात ते घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, उजेडात पण उन्हापासून दूर ठेवा. हे झाड नसेल तर पुदिन्यावर वात करून बघा. कोरफडीला मात्र नको.

आमचं झाड गेलं, पण दोन पानं टवटवीत होती. देठ इंचभर ठेवून तिरपा कापला, ओलसर मिश्रणात खोचला आणि वरून प्लास्टिकची पिशवी घातली. दोन-अडीच महिन्यांत बुडाशी पिल्लं फुटली.

प्रश्न राहिला अम्मींचा. "तुमच्या पाण्यानं झाड मेलं" हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? मी नवी कुंडी डब्यावर बसवून त्यांच्याच खिडकीत ठेवली आणि म्हटलं, "अम्मी, हा डबा दर जुम्याला बघायचा. रिकामा झाला असेल तरच भरायचा. हे काम तुमचं." त्यांनी वात हातात घेऊन पाहिली, हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे स्वतःच पितं? मग मी उगाच पाजत होते." लोट्यातलं पाणी आता अंगणातल्या मोगऱ्याला जातं.

या महिन्यात पहिली कळी आली. लेकीला फोन अम्मींनीच केला.