वाय-फाय चिपचं नाव खोक्यावर छापा

लॅपटॉप आणि वायरलेस चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांस,



मी तालुक्याच्या गावात लॅपटॉप दुरुस्त करतो. कॉलेजची बरीच मुलं विंडोज राहू देऊन त्याच लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणालीही टाकून घेतात. टाकताना अडचण येत नाही. गाडी अडते ती वाय-फायपाशी. विंडोजमध्ये नेट व्यवस्थित आणि उबुंटूत नेटवर्कची यादी रिकामी! ड्रायव्हर उतरवायचा तर त्यालाच नेट हवं. मग मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करायचं आणि आत कुठली चिप बसवली आहे ते टर्मिनलमध्ये हुडकायचं.

हे हुडकावं का लागतं? खोक्यावर प्रोसेसर, रॅम ठळक छापता, वायरलेस चिपचं नाव मात्र नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डं निघतात.

एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपला राउटरशेजारीही सिग्नलची एकच कांडी दिसायची. उघडून पाहिलं, तर कार्डावर अँटेनाच्या दोन जागा आणि वायर एकीलाच जोडलेली. कुठली अँटेना वापरायची याची नोंद कार्डातच असते; ती कारखान्यात चुकीची भरली गेली होती, म्हणून ड्रायव्हर रिकाम्या जागेवर सिग्नल शोधत बसायचा. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये अँटेनाचा क्रमांक बदलला आणि सगळ्या कांड्या भरल्या. तोवर तिने नवा राउटर विकत घेतला होता.

विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळेही उबुंटूत वाय-फाय अडतं. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, काही कार्डं अर्धवट अवस्थेत राहतात आणि लिनक्सला ती जागी करता येत नाहीत. हा पर्याय बंद केला की भागतं, पण ते ग्राहकाला सांगणार कोण?

बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरचा त्रास वेगळाच. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अपडेट झाला की तो बंद पडू शकतो, आणि नेमका परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी मुलं माझ्या दारात उभी राहतात.

ब्रॉडकॉमने २०१० मध्ये आपल्या तेव्हाच्या नव्या चिपांचा लिनक्स ड्रायव्हर खुला केला, म्हणजे कंपन्यांना हे जमण्यासारखं आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला घट्ट धरून असलेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन तुमचं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. आता तुम्हीही पुढे या. चिपचं नाव खोक्यावर छापा. कार्ड बदललं तर मॉडेल नंबरही बदला. आणि माल बाजारात येण्याआधी ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये पोहोचवा.

कळावे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती कारागीर